खिडकीतून धावपट्टी दिसत होती, मग उतरवलं का नाही?

जानेवारीत सकाळच्या विमानाने गोव्यात येणारे लोक हा प्रश्न हमखास विचारतात. मोपाला, म्हणजे उत्तर गोव्यातल्या विमानतळावर, उतरायची वेळ झालेली असते. खाली तेरेखोलचं वळण दिसतंय, काजूच्या बागा दिसतायत, टर्मिनलचं छप्परसुद्धा ओळखू येतंय. चाकं बाहेर आलेली. जमीन हाताशी आली असं वाटतं न वाटतं तोच इंजिनं गरजतात, नाक वर उचललं जातं आणि विमान परत वर निघतं. थोड्या वेळाने घोषणा होते, आपण मुंबईला चाललोय. फोन लागल्यावर घरी पहिलं वाक्य ठरलेलं: "अरे, लख्ख दिसत होतं, पायलटच घाबरला!"

घाबरण्याचा इथे काही संबंध नाही. प्रवासी खिडकीतून तिरका खाली बघतो, पायलट काचेतून समोर बघतो, आणि धुक्यात या दोन नजरांमध्ये चिक्कार फरक पडतो. समजा सड्यावर, म्हणजे विमानतळाच्या सपाट पठारावर, साठ मीटर जाडीचा धुक्याचा थर आहे. वरून सरळ खाली पाहिलं तर नजरेला साठच मीटर धुकं भेदायचं असतं, त्यामुळे झाडं, रस्ते, छपरं सगळं दिसतं. पण विमान उतरतं ते तीन अंशांच्या उतारावरून. त्या उतारावरून धावपट्टीकडे पाहणाऱ्याच्या नजरेला तोच थर जवळजवळ साडेअकराशे मीटर लागतो, म्हणजे एकोणीस पट. धुक्यात चारशे मीटरपर्यंतचं दिसत असेल तर वरच्या माणसाला सगळं स्वच्छ आणि समोर बघणाऱ्याला पांढरी भिंत. दोघंही खरंच बोलत असतात.

म्हणूनच धावपट्टीवरून घिरटी घालताना ती पायलटलाही छान दिसते, आणि वळसा घेऊन तिच्या रेषेत आलं की गायब होते. पातळ धुकं दाट धुक्यापेक्षा जास्त फसवं, ते याच कारणाने. दाट धुक्यात निदान कोणी आशा धरत नाही.

आता आकडे. जमिनीवरून दिशा आणि उतार दाखवणारी आयएलएस नावाची यंत्रणा असते. तिचे दोन भाग. धावपट्टीच्या पलीकडच्या टोकाला असतो लोकलायझर, तो डावं-उजवं सांगतो. टेकायच्या जागेच्या बाजूला असतो ग्लाइड स्लोप, तो वर-खाली सांगतो. दोन्हींतून नव्वद आणि दीडशे हर्ट्झचे दोन स्वर निघतात. विमानातला रिसीव्हर त्यांच्या जोरातला फरक मोजतो. दोन्ही सारखे आले की विमान बरोबर रेषेवर. एवढी साधी कल्पना, पण ढगातून विमानाला धावपट्टीच्या तोंडाशी आणून सोडते.

तोंडाशी, पुढे नाही. नेहमीच्या म्हणजे कॅटेगरी वनच्या पद्धतीत धावपट्टीपासून दोनशे फूट उंचीवर एक ठराविक क्षण येतो, त्याला डिसिजन हाइट म्हणतात. त्या उंचीला पायलटला धावपट्टीचे किंवा तिच्यापुढच्या वाटेचे दिवे दिसलेच पाहिजेत. नाही दिसले तर वर जायचं, तिथे चर्चा नाही. कॅटेगरी टू मध्ये ही उंची शंभर फुटांपर्यंत खाली येते, थ्रीमध्ये त्याहून खाली किंवा शून्यावर. उंचीइतकीच महत्त्वाची दुसरी अट म्हणजे आरव्हीआर, धावपट्टीवर प्रत्यक्ष किती मीटरपर्यंत दिसतं तो आकडा. तो कोणी डोळ्यांनी ठरवत नाही. धावपट्टीच्या कडेला बसवलेली उपकरणं प्रकाश किती अडतो ते मोजून काढतात, आणि मोठ्या विमानतळांवर ती सुरुवात, मध्य, शेवट अशा तीन ठिकाणी असतात. कॅटेगरी वनसाठी किमान ५५० मीटर, टू साठी ३००. दिल्लीसारख्या ठिकाणी कॅटेगरी थ्री बी आहे, तिथे ५० मीटरलाही विमानं उतरतात.

साडेपाचशे हा आकडा आकाशातून पडलेला नाही. तीन अंशांच्या उतारावर दोनशे फुटांवर असताना विमान धावपट्टीच्या सुरुवातीपासून सुमारे ८७० मीटर मागे असतं. धावपट्टीपुढे जमिनीवर रोवलेल्या दिव्यांची रांग ९०० मीटर लांबीची. म्हणजे डिसिजन हाइटला विमान बरोबर त्या रांगेच्या सुरुवातीवर येतं. पायलटला धावपट्टी दिसायची गरज नाही, दिव्यांची रांग आणि तिच्यावरचा आडवा पट्टा दिसला की रेष सापडते. तो पट्टा धावपट्टीच्या ३०० मीटर अलीकडे असतो आणि पंख सरळ आहेत का तेही सांगतो. त्या रांगेचा हात धरून पुढे जायचं.

यासाठी वेळ किती? साधारण १४० नॉट्स, म्हणजे ताशी २६० किलोमीटर. सेकंदाला ७२ मीटर. दोनशे फुटांपासून धावपट्टीच्या उंबऱ्यापर्यंत १२ सेकंद. डिसिजन हाइटला "मिनिमम्स" असा पुकारा झाला की "कंटिन्यू" किंवा "गो-अराऊंड" यांपैकी एक शब्द तोंडातून निघायलाच हवा. हो म्हणून पुढे गेल्यावर शंभर फुटांवर दिवे परत पुसट झाले तरी वरच जायचं. चाकं टेकल्यावरसुद्धा वर जाता येतं. इंजिनांचा उलटा जोर, म्हणजे रिव्हर्सर, एकदा उघडला की मात्र तो रस्ता बंद.

गोव्यात हे दोन तऱ्हेने त्रास देतं. हिवाळ्यात निरभ्र रात्र, वारा पडलेला, आदल्या संध्याकाळच्या समुद्राच्या वाऱ्याने आणलेली ओल. पहाटे जमीन निवते आणि ती ओल तिच्यावर गोठल्यासारखी बसते. पेडणे तालुक्यात उत्तरेला तेरेखोल, दक्षिणेला शापोरा, दोन्ही दऱ्यांतून पहाटे वाफ उठते आणि मध्ये मोपाचा सडा. ऊन चढलं की बहुधा तासा-दीड तासात विरून जातं. म्हणून सकाळी सातला ज्यांचं विमान परत फिरतं, त्यांच्या मागचे नऊला आरामात उतरतात आणि आधीचे लोक मुंबईच्या धावपट्टीवर बसून चिडतात.

पावसाळ्यातली गोष्ट वेगळी. तेव्हा धुकं जमिनीतून उठत नाही, ढग खाली येतो. दाबोळीचा विमानतळ समुद्रसपाटीपासून ५६ मीटरवर, मोपाचा सडा दीडशे मीटरहून उंच. समुद्रावरून येणाऱ्या ढगाचा तळ त्या दोन उंचींच्या मध्ये असला की दाबोळीला तो ढग असतो आणि मोपाला तेच धुकं असतं. दोन विमानतळांत हवाई अंतर चाळीसेक किलोमीटर, तरी एक चालू, एक बंद, असं होण्यामागे बऱ्याचदा एवढंच. मग दाबोळीला का नाही उतरवत, हे विचारणारे असतातच. दाबोळी नौदलाचा तळ आहे, कामाच्या दिवशी सकाळचे काही तास नौदलाच्या सरावासाठी ठेवलेले असतात, आणि तिथेही विमान उभं करायला जागा, जिना, कर्मचारी लागतात. शिवाय पर्यायी विमानतळ शेजारचा असला की त्याचं हवामान पण शेजारचंच असतं. जोराची सर आली तर दोन्ही एकदम जातात. म्हणून इंधनाचा हिशोब करताना मुंबई, हैदराबाद, बेंगळुरू अशी लांबची नावंच बरी.

चुकतं कुठे, ते दोन अपघातांतून नीट दिसतं. दोन्ही मुद्दाम निवडले, कारण दोन्हींत विमान ठणठणीत होतं.

१९ ऑक्टोबर १९८८. मुंबईहून अहमदाबादला जाणारं इंडियन एअरलाइन्सचं बोईंग ७३७, पहाटेचं. विमानात १३५ माणसं, १३३ गेली. सकाळच्या धुरकट हवेत दृश्यमानता उतरत चाललेली. त्या दिवशी विमान उतरत होतं ते फक्त लोकलायझर आणि अंतर दाखवणाऱ्या यंत्राच्या आधाराने. म्हणजे डावं-उजवं कळत होतं, उतार दाखवणारं काही नव्हतं. अशा पद्धतीत एका ठराविक उंचीच्या खाली, धावपट्टी दिसल्याशिवाय, अजिबात जायचं नसतं. दोन्ही पायलट बाहेर धावपट्टी शोधत राहिले. हजार फुटांखाली जे उंचीचे पुकारे व्हायला हवेत ते झाले नाहीत. विमान धावपट्टीच्या अडीच-एक किलोमीटर अलीकडे झाडांवर आणि खांबावर आदळलं. चौकशीत ठपका पडला तो कमी दृश्यमानतेत ठरलेली पद्धत न पाळल्याचा.

कमी दृश्यमानतेतला खरा सापळा तो हाच: चार डोळे बाहेर आणि उंचीमापकावर कोणी नाही. उत्तर साधं आहे आणि आज सगळीकडे तेच शिकवतात. एकाने आत बघायचं, एकाने बाहेर. आत बघणाऱ्याने मान वर करायची नाही, कितीही मोह झाला तरी. मोह होतोच. "दिसतंय का?" विचारलं की कोणाचीही मान आपसूक वर जाते.

दुसरा अपघात पावसातला आणि आपल्या जवळचा. ७ ऑगस्ट २०२०, कोझिकोड, दुबईहून आलेलं एअर इंडिया एक्सप्रेसचं बोईंग ७३७-८००. एकूण १९० जण, २१ मृत्यू, दोन्ही पायलट त्यांत. पहिल्यांदा २८ क्रमांकाच्या बाजूने उतरायचा प्रयत्न झाला, त्यात कॅप्टनच्या बाजूचा वायपर बंद पडला आणि विमान वर गेलं. मग उलट्या, १० क्रमांकाच्या बाजूने उतरायचं ठरलं. त्या बाजूला वारा शेपटीकडून होता. चाकं टेकली ती धावपट्टीच्या सुरुवातीपासून सुमारे १,३५० मीटरवर, आणि धावपट्टी २,७०० मीटरची. निम्मी वापरून झाली तेव्हा टेकलं. को-पायलटने "गो-अराऊंड" म्हटलं होतं. कॅप्टनने ते मानलं नाही आणि को-पायलटने ताबा घेतला नाही, असं चौकशी अहवालात स्पष्ट आहे. विमान टेबलासारख्या पठाराच्या कडेवरून खाली गेलं.

वायपर ही छोटी वस्तू वाटते. ताशी २६० किलोमीटरला पाऊस काचेवर पडत नाही, पसरतो, आणि त्या पाण्याच्या थरातून प्रकाश वाकतो. अशा काचेतून पायलटला आपण आहोत त्याहून उंच आहोत असं वाटू शकतं. मग तो नकळत नाक खाली दाबतो. रात्र असेल तर आणखी वाईट, कारण खाली अंधार आणि फक्त दिवे. हे भ्रम टाळायला धावपट्टीच्या डाव्या बाजूला पीएपीआयचे चार दिवे असतात: दोन पांढरे, दोन लाल दिसले की उतार बरोबर, चारही लाल म्हणजे फार खाली.

पावसात दुसरा प्रश्न ब्रेकचा. चाकाखाली पाणी साचलं की टायर पाण्यावर तरंगतो. रूढ सूत्र असं: टायरमधला दाब पीएसआयमध्ये घ्यायचा, त्याचं वर्गमूळ काढून नऊने गुणायचं, येणाऱ्या नॉट्सच्या वर टायर तरंगू शकतो. दाब दोनशे धरला तर उत्तर १२७ नॉट्स. विमान टेकतं त्याहून जोरात. म्हणजे टेकल्याच्या पहिल्या काही सेकंदांत ब्रेक जवळपास शोभेचे असू शकतात. म्हणूनच पावसात विमान हळुवार ठेवायचं नसतं. ठणकावून टेकवायचं, चाकांनी पाणी फोडायचं, लगेच पंखांवरच्या फळ्या, म्हणजे स्पॉयलर, उभ्या राहतात आणि वजन चाकांवर येतं. दाबोळीला जुलैत धाडकन टेकलं म्हणून मागच्या रांगेत "काय रे, आपटलं" म्हणतात, तो पायलट बहुतेक नीट काम करत असतो. मऊ टेकवायच्या नादात विमान धावपट्टीवरून तरंगत पुढे जातं, आणि दर सेकंदाला सत्तर मीटर हातचे जातात. टेकायची जागा ठरलेली आहे: धावपट्टीचा पहिला एक तृतीयांश किंवा पहिले तीन हजार फूट, जे कमी असेल ते. त्यापुढे गेलं की वर.

कागदावर यासाठी जागा धरलेली असते. कोरड्या धावपट्टीवर विमान तिच्या साठ टक्क्यांत थांबेल असा हिशोब निघण्यापूर्वीच केलेला असतो, ओल्या धावपट्टीला त्यावर आणखी पंधरा टक्के. कोझिकोडला काय खर्ची पडलं ते पाहा: ही सगळी जादाची जागा टेकण्याआधीच गेली.

ऑटोपायलट आहे ना मग?

आहे, आणि चांगला आहे. पण यंत्र स्वतः विमान टेकवतं तेव्हा ते आयएलएसच्या लहरींवर आंधळा विश्वास टाकतं, आणि त्या लहरी वाटेत उभ्या असलेल्या धातूने वाकतात. ३ नोव्हेंबर २०११ ला म्युनिकला सिंगापूर एअरलाइन्सचं बोईंग ७७७ ऑटोलँड करत होतं. हवामान कॅटेगरी वनचं, म्हणजे विमानतळावर कमी दृश्यमानतेचे खास नियम लागू नव्हते. नेमकं तेव्हाच पुढे दुसरं विमान उडालं, लोकलायझरच्या अँटेनावरून गेलं, लहर डळमळली. बोईंग डावीकडे धावपट्टीबाहेर गेलं आणि परत धावपट्टी ओलांडून उजवीकडच्या गवतात थांबलं. सुदैवाने कोणाला इजा झाली नाही.

खास नियम लागू असताना अँटेनाजवळच्या भागात एकही गाडी, एकही विमान उभं राहू देत नाहीत, दोन विमानांतलं अंतर वाढवतात. म्हणून धुक्याच्या दिवशी विमानतळाचा वेग अर्ध्यावर येतो. शिवाय वीज. कॅटेगरी वनला दिवे गेले तर जनरेटरवर यायला १५ सेकंद चालतात. टू आणि थ्रीला महत्त्वाचे दिवे एका सेकंदात परत यावे लागतात. गोव्यात पहिल्या पावसाच्या पहिल्या गडगडाटाला लाईट जाते हे सांगायला नको, तेव्हा या एका सेकंदामागे किती यंत्रणा उभी करावी लागते याचा अंदाज येईल. आणि विमान, पायलट, धावपट्टी या तिघांचीही मान्यता लागते. एकाची नसली तर बाकी दोघांची असून उपयोग नाही.

म्हणजे "आमच्या विमानाला सगळं येतं" असं म्हणून भागत नाही.

वर जाताना काय होतं तेही सांगून ठेवू, कारण तेवढ्यात केबिनमध्ये रडारड होते. पायलट पूर्ण ताकद देतो, नाक साधारण पंधरा अंश वर, पंखांमागच्या झडपा, म्हणजे फ्लॅप, एक पायरी आत, विमान चढतंय याची खात्री झाली की चाकं आत, तोच तो खालून येणारा धडाक आवाज. पहिल्या क्षणी विमान थोडं आणखी खाली जातं, ते धरलेलंच असतं. त्यानंतर दोन-तीन मिनिटं कोणी काही बोलत नाही, आणि ते बरोबर आहे. आधी विमान, मग दिशा, मग टॉवर, मग प्रवासी. एकदम ताकद आल्यावर अंधारात किंवा ढगात पायलटलाही नाक फारच वर गेलंय असं वाटतं. कानातला समतोल फसतो. त्या फसवणुकीवर विश्वास ठेवून नाक खाली दाबल्याने गल्फ एअरचं विमान २३ ऑगस्ट २००० ला बहरीनच्या समुद्रात गेलं, १४३ माणसं गेली. म्हणून त्या मिनिटांत नजर यंत्रांवर हवी, माईकवर नको.

परत किती वेळा प्रयत्न करायचा? धावपट्टीवर आरव्हीआर किमान आकड्याखाली असेल तर एक हजार फुटांखाली यायचंच नाही, मग प्रयत्नच होत नाही. आकडा वर-खाली होत असेल तर दोन प्रयत्नांनंतर दुसरीकडे जाणं शहाणपणाचं. १८ ऑगस्ट २०१५ ला दोह्याहून कोचीला आलेल्या जेट एअरवेजच्या विमानाने कोचीत वारंवार प्रयत्न केले, मग तिरुवनंतपुरमला गेलं, तिथेही दिसेना. अखेर टेकलं तेव्हा टाकीत साडेतीनशे किलोच्या आसपास इंधन होतं. अशा आकाराच्या विमानाचं अर्ध्या तासाचं राखीव इंधनच हजार किलोच्या वर असतं, आणि ते अर्ध्या तासाचं इंधन नियमाने कधीच वापरायचं नसतं. एवढं कमी उरलं की पुढचा प्रयत्न करायचा की नाही हा प्रश्नच उरत नाही. तेव्हा मुंबईला लवकर वळणारा कॅप्टन हाताशी पर्याय असतानाच निर्णय घेतोय.

मोपाचं हवामान दर अर्ध्या तासाला मेटार नावाच्या छोट्या संदेशात निघतं. मोपाचं चार अक्षरी नाव व्ही-ओ-जी-ए, दाबोळीचं व्ही-ओ-जी-ओ. संदेशात एफजी दिसलं तर दृश्यमानता हजार मीटरखाली, बीआर असेल तर हजार ते पाच हजार. तापमान आणि दवबिंदू तिरप्या रेघेच्या दोन बाजूंना असतात. रात्री दहालाच दोन्ही सारखे किंवा एकाच अंशाच्या फरकाने आले, वारा शून्याजवळ, आभाळ मोकळं, तर पहाटेच्या विमानाची आशा थोडी कमी धरावी.

मुंबईत वळवल्यावर घाई करून खाली उतरू नका. बॅगा पोटात असतात, धुकं विरलं की तेच विमान इंधन घेऊन परत निघतं. अडतं ते बहुतेक पायलटच्या ड्यूटीच्या तासांवर. तेवढं मात्र विचारून घ्या: हीच टीम पुढे नेणार आहे की दुसरी येणार आहे. दुसरी येणार असेल तर जेवून घ्या.